औषधविक्रेत्याचा धर्म

संकेश्वराहून गडहिंग्लजमार्गें आंबोली घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हिरण्यकेशीच्या कांठीं, आजरा हें तालुक्याचें गांव वसलेलें आहे. घनसाळ भाताच्या सुवासासाठीं आणि जवळच्या रामतीर्थासाठीं त्याची ख्याति आहे. पावसाळ्यांत येथें पाऊस कोसळूं लागला म्हणजे डोंगरकडेच्या वाड्या-वस्त्यांवरील माणसाला तालुक्याच्या गांवापर्यंत येणें हेंच एक काम होऊन बसतें. अशा ठिकाणीं औषधाचें दुकान हें केवळ दुकान राहत नाहीं. डॉक्टर भेटण्यापूर्वीं आणि डॉक्टर भेटल्यानंतर, दोन्ही वेळां माणूस तेथें येतो. आणि डॉक्टरला जें विचारण्याचा धीर झाला नाहीं तें तेथें विचारतो.

अशा एखाद्या दुकानाच्या फळीपुढें दोन स्त्रिया उभ्या आहेत अशी कल्पना करावी. दोघीही पन्नाशीच्या आंतबाहेरच्या. एकीच्या हातांत डॉक्टरांची चिठ्ठी आहे. पाळी थांबल्यावर अंगाची होणारी आग, रात्रींचा घाम आणि उडालेली झोप यांवर तिला हॉर्मोनची गोळी लिहून दिलेली आहे. दुसरी तिला अडविते, "नको ग अक्का, त्या गोळ्या घेऊं नकोस. त्यांनीं कर्करोग होतो. माझ्या डॉक्टरांनीं मला साफ नको म्हणून सांगितलें." पहिली म्हणते, "तुला नको म्हणाले असतील. माझ्या बहिणीला ह्याच गोळीनें गुण आला." आणि मग दोघी फळीपलीकडच्या माणसाकडे वळून विचारतात, "तुम्हीच सांगा, दादा, खरें कोणाचें?"

ह्या प्रश्नाला त्यानें काय उत्तर द्यावें? पहिलीची बाजू घ्यावी, तर माल खपविण्यासाठीं बोलतो असें दुसरीला वाटेल. दुसरीची घ्यावी, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यानें आपला निकाल लिहिल्यासारखें होईल. मुकाट्यानें पुडी बांधून पैसे घ्यावे, तर दोघींच्या मनांतील भय तसेंच राहील. ह्याचें उत्तर नुसत्या तर्कानें शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधणें बरें. कारण औषधविक्रेत्याचें कर्तव्य कोणा एका शास्त्यानें एका दिवसांत लिहून ठेवलेलें नाहीं. एकेका अनर्थानंतर एकेका नियमानें तें वाढत आलेलें आहे.

आपल्या जुन्या वैद्यकांत औषधविक्रेता असा स्वतंत्र मनुष्य मानलेला नाहीं. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. वैद्य आपली वनस्पति आपण पारखी आणि काढे, भस्में, आसवें आपल्या देखरेखीखालीं करवून घेई. रोग्याला एकाच माणसावर भरंवसा ठेवावा लागे. तो चुकला तर त्याची चूक पाहणारा दुसरा कोणी नसे. युरोपांत तेराव्या शतकांत सम्राट दुसरा फ्रेडरिक यानें आपल्या दक्षिण इटलींतील राज्यांत वैद्य आणि औषध करणारा यांचे धंदे कायद्यानें वेगळे केले. ह्या विभागणींत एक शहाणपण होतें. औषध लिहिणाऱ्याला विक्रीचा लोभ नसावा, आणि लिहिणाऱ्याच्या हातून चूक झाली तर ती देणाऱ्याच्या नजरेला यावी, हें तें शहाणपण होय.

इंग्रजी अमदानींत ही विभागणी आपल्याकडे आली ती अर्धवटच आली. दवाखान्यांत डॉक्टर पुढें बसत आणि पडद्याआड कंपौंडर बाटलींत औषध भरून तिला मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देई. बाजारांत मात्र कोणींही कांहींही औषध म्हणून विकावें अशी स्थिति होती. ह्या अंदाधुंदीची चौकशी करण्यासाठीं सरकारनें १९३० सालीं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिच्या १९३१ च्या अहवालांत निकृष्ट आणि भेसळीच्या औषधांची स्थिति मांडली होतीच. पण औषध हाताळणाऱ्या माणसाचें शिक्षण आणि नोंदणी यांविषयींही कायदा व्हावा अशी शिफारस होती. त्यांतून १९४० सालीं औषधांचा कायदा झाला, १९४५ सालीं त्याचे नियम झाले आणि १९४८ सालीं फार्मसीचा कायदा झाला. पहिल्या कायद्यानें औषधाला शिस्त लावली, दुसऱ्यानें माणसाला. नोंदणी झालेल्या फार्मासिस्टावांचून इतर कोणीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध करून देऊं नये, असा दंडक त्या दुसऱ्या कायद्यानें घातला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. म्हणजे संस्थानी अमदानी संपणें आणि हा नवा धंदा कायद्याच्या चौकटींत उभा राहणें, ह्या दोन्ही गोष्टी ह्या मुलखांत जवळजवळ एकाच वेळीं घडल्या.

हा धंदा घडत होता त्याच काळांत हॉर्मोनांचें शास्त्रही घडत होतें. हॉर्मोन म्हणजे शरीरांतील ग्रंथि रक्तांत सोडतात तो अंतःस्राव. हा शब्द ह्या अर्थानें लंडनचे शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनीं १९०५ सालीं रूढ केला. परंतु त्यापूर्वींच ह्या शास्त्राच्या उंबरठ्यावर खरें आणि भ्रामक हीं दोन्ही शेजारीं शेजारीं उभीं होतीं. १८८९ सालीं पॅरिसमधील नामांकित शास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनीं वयाच्या बहात्तराव्या वर्षीं प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोंचून घेतला आणि आपल्याला पुन्हां तारुण्याचा जोम आला असें जाहीर केलें. तो जोम मनाचा होता. पण तसले अर्क धडाक्यानें विकले जाऊं लागले. पुढें दोनच वर्षांनीं, १८९१ सालीं, इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें जॉर्ज मरे यांनीं मेंढीच्या कंठग्रंथीचा अर्क एका रोगग्रस्त स्त्रीला दिला. ती बरी झाली, आणि तो उपचार चालू ठेवून आणखी अठ्ठावीस वर्षें जगली. १९२२ च्या जानेवारींत टोरोंटो येथें मधुमेहानें मरणोन्मुख झालेल्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोंचलें गेलें आणि तो वांचला. बाहेरून पाहणाऱ्याला ब्राउन-सेकारचा अर्क आणि मरेचा अर्क यांत भेद दिसला नसता. दोन्ही प्राण्याच्या ग्रंथीचेच अर्क होते. पण एक मृगजळ होतें आणि दुसरें जीवन. तेव्हां "हॉर्मोन चांगलें कीं वाईट" हा प्रश्नच मुळांत चुकीचा होता. कोणतें, कोणाला, कशासाठीं आणि किती, हा खरा प्रश्न होता.

हें विसरलें गेलें तेव्हां काय झालें तें स्त्री-हॉर्मोनाच्या इतिहासांत दिसतें. हें द्रव्य १९२९ सालीं शुद्ध रूपांत हातीं आलें. १९३८ सालीं लंडनमध्यें चार्ल्स डॉड्स यांनीं त्याच गुणाचें, पण प्रयोगशाळेंत करतां येणारें स्वस्त औषध तयार केलें. त्याचें नांव स्टिल्बेस्ट्रॉल. गर्भपात टळावा म्हणून तें अमेरिकेंत असंख्य गर्भिणींना देण्यांत आलें. १९५३ सालीं शिकागो येथील पद्धतशीर प्रयोगानें दाखवून दिलें कीं, त्या कामीं ह्या औषधाचा कांहीं उपयोग होत नाहीं. तरीही तें दिलें जातच राहिलें. १९७१ सालीं बोस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींमध्यें योनिमार्गाच्या एका अति दुर्मिळ कर्करोगाचे आठ रोगी आढळले; त्यांपैकीं सात जणींच्या आयांनीं गर्भारपणीं हें औषध घेतलें होतें. औषध घेतलें आईनें आणि भोगलें मुलीनें, असा हा प्रकार होता.

आपल्या देशांत ह्याच जातीचा एक कज्जा घडला, आणि त्यांत औषधाच्या दुकानाची फळी हीच मुख्य रंगभूमि होती. स्त्रियांचीं दोन हॉर्मोनें मोठ्या मात्रेंत एकत्र केलेल्या गोळ्या गर्भ राहिला आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दिल्या जात. गोळी घेतल्यावर पाळी आली तर गर्भ नाहीं, न आली तर आहे, असा तो अडाखा. गर्भाला त्यांपासून अपाय होतो असा संशय इंग्लंडांत डॉक्टर इझाबेल गॅल यांनीं १९६७ सालीं व्यक्त केला होता, आणि तेथें ह्या उपयोगाची गोळी १९७८ सालीं बाजारांतून गेली. मूत्रपरीक्षेनें गर्भाचें निदान होऊं लागल्यावर तिची गरजही उरली नव्हती. आपल्याकडे मात्र त्या गोळ्या विकल्या जातच राहिल्या. चुकलेली पाळी आणण्यासाठीं, आणि त्यांनीं गर्भ पडतो ह्या खोट्या समजुतीनेंही, चिठ्ठीवांचून त्या मागितल्या जात आणि चिठ्ठीवांचून दिल्या जात. गर्भ बहुधा पडत नसे. पण तो ह्या औषधाच्या संसर्गांत वाढे.

१९८२ सालीं सरकारनें ह्या गोळ्यांवर बंदी जाहीर केली. कारखानदारांनीं न्यायालयांतून तिला स्थगिती मिळविली. स्त्री-संघटना, लोकविज्ञान संघटनेसारख्या महाराष्ट्रांतील संस्था आणि कांहीं विवेकी डॉक्टर यांनीं हा प्रश्न सोडला नाहीं. केरळांतील वकील व्हिन्सेंट पानिकुलंगरा यांनीं घातक औषधांविरुद्ध केलेल्या अर्जाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं दिला. मोठमोठ्या शहरांतून जाहीर सुनावण्या झाल्या आणि अखेर १९८८ सालीं बंदी अमलांत आली. न्यायासाठीं येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ह्या गोळ्यांनीं व्यंगें निश्चित होतात असें पुराव्यानें सिद्ध होत नाहीं, असा अभिप्राय इंग्लंडांतील तज्ज्ञांच्या एका मंडळानें २०१७ सालीं दिला. तर तीं औषधें १९६७ सालींच मागें घ्यावयास हवीं होतीं, असें तेथीलच दुसऱ्या चौकशीनें २०२० सालीं म्हटलें. हीं दोन्ही मतें एकमेकांना तितकीं विरोधी नाहींत. जेथें लाभ कांहींच नाहीं तेथें धोक्याचा संशयही पुरेसा असतो. बंदीचा आदेश निघून ती अमलांत येईपर्यंत गेलेल्या सहा वर्षांत कायदा न्यायालयांत अडकला होता; पण फळीपलीकडच्या माणसाला कोणीं अडविलें नव्हतें. "चिठ्ठी कोठें आहे, बाई?" एवढा एक प्रश्न विचारण्यास त्याला कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाची जरूर नव्हती.

मौनानें असा अनर्थ होतो, तसा भयानेंही होतो. २००२ च्या जुलैमध्यें अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगाचा एक भाग मध्येंच थांबविण्यांत आला. पाळी थांबलेल्या १६,६०८ स्त्रियांवर दोन हॉर्मोनांच्या संयुक्त गोळीचा हा प्रयोग होता. वर्षाला दहा हजार स्त्रियांमागें स्तनाचा कर्करोग ३० जणींऐवजीं ३८ जणींना झाला, पक्षाघात २१ ऐवजीं २९ जणींना झाला. उलट खुब्याचें हाड मोडण्याचें प्रमाण १५ वरून १० वर आलें. आंकडे असे होते. पण जगभर पसरली ती केवळ दहशत. असंख्य स्त्रियांनीं गोळ्या टाकून दिल्या. प्रयोगांतील स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें, म्हणजे बहुतेकींची पाळी थांबून बरींच वर्षें झालेलीं होतीं, ही गोष्ट मागें पडली. ज्यांचें गर्भाशय काढलेलें होतें आणि ज्यांना एकच हॉर्मोन दिलें होतें, अशा स्त्रियांचा निष्कर्ष २००४ सालीं आला. त्यांत पक्षाघात वाढलेला दिसला, पण स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाहीं. पाळी थांबल्यावर लवकर, साठीच्या आंत, उपचार सुरू केल्यास तोल पुष्कळदां लाभाकडे झुकतो असें पुढील अभ्यासांतून दिसून आलें. आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें ह्या औषधांवरील ठळक इशाऱ्यांपैकीं बरेच काढून टाकण्याचें जाहीर केलें. गर्भाशय असलेल्या स्त्रीनें एकटें स्त्री-हॉर्मोन घेतल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग संभवतो, हा इशारा मात्र कायम राहिला.

आतां आजऱ्याच्या त्या फळीपाशीं परत यावें. दोघी एकाच गोळीविषयीं बोलत आहेत असें वरवर दिसतें. पण पहिलीचें गर्भाशय आणि बीजकोश चाळिशींतच शस्त्रक्रियेनें काढलेले असूं शकतील, आणि दुसरीला पूर्वीं स्तनाचा कर्करोग किंवा पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी होऊन गेलेली असूं शकेल. पहिली शक्यता दूरची नाहीं. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांविषयीं महाराष्ट्र सरकारनें समिति नेमली होती. त्या वेळच्या पाहणींत ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे सहा जणींमागें जवळजवळ एकीचें. गळिताच्या हंगामांत मराठवाड्यांतील टोळ्या कोल्हापूर जिल्ह्यांतील उसाच्या फडांतही येतात, आणि औषध घेण्यास त्या स्त्रिया जवळच्याच बाजारांत जातात. बीजकोशही काढले गेले असतील तर त्या स्त्रीचें हॉर्मोन एका दिवसांत आटतें; अकालीं ठिसूळ होणारीं हाडें तिच्या वाट्याला येतात. अशा स्त्रीला डॉक्टर बहुधा हॉर्मोन देतील. जिला स्तनाचा कर्करोग होऊन गेला तिला तेच डॉक्टर बहुधा नाहीं म्हणतील. दोघींच्या डॉक्टरांचें बरोबर आणि दोघींचें म्हणणेंही आपापल्यापुरतें खरें. भांडण औषधाविषयीं नाहींच. दोन शरीरें वेगळीं आहेत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

म्हणून औषधविक्रेत्याचा पहिला धर्म हा कीं, त्यानें दोघींमध्यें न्यायाधीश होऊं नये. चिठ्ठी एकीची आहे; शेजारणीच्या मतानें ती रद्द होत नाहीं आणि शेजारणीच्या अनुभवानें ती दुसरीची होत नाहीं. चिठ्ठीवर जें लिहिलें आहे त्याऐवजीं दुसरेंच औषध देण्याची कायद्याच्या नियमांत मनाई आहे. "तेंच आहे, घ्या" असें म्हणून एकीची गोळी दुसरीला देणें तर त्याहून वाईट. दुसरा धर्म हा कीं, त्यानें मुकेंही राहूं नये. फार्मसीच्या धंद्याविषयींचे जे नियम २०१५ सालीं झाले त्यांत, चिठ्ठी पाहून औषध देतांना फार्मासिस्टानें रोग्याशीं स्वतः बोलावें, मात्रा, घेण्याची रीत, संभाव्य दुष्परिणाम आणि सावधगिरी सांगावी, असें घातलेलें आहे. तेव्हां पहिलीला बाजूला घेऊन त्यानें विचारावें : गर्भाशय आहे कीं काढलें? पूर्वीं कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात असें कांहीं झालें होतें काय, आणि तें डॉक्टरांना सांगितलें आहे काय? उत्तरांत कांहीं खटकलें तर गोळी देण्यापूर्वीं डॉक्टरांना विचारावें. कांहीं खटकलें नाहीं तर गोळी द्यावी, आणि कोणतीं लक्षणें दिसतांच परत यावें तें साध्या भाषेंत सांगावें. दुसरीलाही तितक्याच आदरानें सांगावें कीं, तुमच्या डॉक्टरांचें तुमच्यापुरतें ऐका.

येथें "बाजूला घेऊन" हे शब्द महत्त्वाचे आहेत. लहान गांवांत फळीपुढें उभा असलेला प्रत्येक जण दुसऱ्याला ओळखतो. कोणाचें गर्भाशय काढलें आणि कोणाला कोणता रोग होऊन गेला, हें चारचौघांत विचारणें म्हणजे औषधाबरोबर बदनामी बांधून देणें होय. जें कानांवर आलें तें दुकानाबाहेर जातां कामा नये; तें आपल्या घरींही सांगावयाचें नसतें.

ह्यावर व्यवहारी माणूस म्हणेल, हें सर्व बोलावयास ठीक आहे. चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानांत जाईल. ज्या बाईला तज्ज्ञ डॉक्टर गांठण्यासाठीं गडहिंग्लज किंवा कोल्हापूर गांठावें लागतें, तिची दिवसाची मजुरी बुडते आणि एस. टी. चें भाडें पडतें तें वेगळेंच. तिला परत पाठविणें हा धर्म कीं निर्दयपणा? हा आक्षेप खोटा नाहीं, आणि त्याला तोंडदेखलें उत्तर देऊन भागणार नाहीं. परंतु १९८८ पूर्वीं तीं मोठ्या मात्रेचीं हॉर्मोनें ज्यांनीं विकलीं त्यांचेंही म्हणणें हेंच होतें : बाई गरीब आहे, अडलेली आहे. अडलेल्या माणसाला चुकीचें औषध देणें ही दया नव्हे. चिठ्ठी नसेल तर टेलिफोनवरून डॉक्टरांशीं बोलून मार्ग काढावा, तिला कोठें आणि केव्हां जावें तें नेमकें सांगावें. एवढें केलें तरी तिची दुसरी फेरी पुष्कळदां वांचते. ह्या राज्यांत कांहीं दुकानांत फार्मासिस्टाचा परवाना भिंतीवर टांगलेला असे आणि तो मनुष्य मात्र हजर नसे. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनानें अशा दुकानांवर कडक कारवाई सुरू केली तेव्हां विक्रेत्यांच्या संघटनांनीं मोठा विरोध केला. पण ज्याच्याशीं बोलावयाचें तोच माणूस जागेवर नसेल, तर सर्व नियम भिंतीवरच टांगलेले राहतात.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. सर्वच हॉर्मोनांना चिठ्ठी लागते असें नाहीं. तांतडीची गर्भनिरोधक गोळी २००५ सालापासून चिठ्ठीवांचून विकण्यास मोकळीक आहे. ती मागावयास आलेल्या तरुणीला उपदेश करून परत पाठविणारा विक्रेता आपला धर्म पाळीत नसून आपलें मत दुसऱ्यावर लादीत असतो. आणि सांधेदुखी किंवा दमा यांसाठीं महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारा रोगी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्या एकाएकीं बंद करूं लागला, तर त्याला थांबवून डॉक्टरांकडे पाठविणें हेंही त्याचेंच काम आहे. स्टेरॉइड हेंही हॉर्मोनच आहे. बाहेरून तें दीर्घकाळ मिळत राहिलें म्हणजे शरीर आपलें स्वतःचें करणें सोडून देतें, आणि पुरवठा अकस्मात् तुटल्यास प्राणावर बेततें.

चरकाच्या चार पादांत औषधविक्रेत्याला जागा नव्हती. तो पांचवा पाद काळानें आणि कायद्यानें जोडलेला आहे. त्याला डॉक्टरांचें ज्ञान असावें अशी अपेक्षा नाहीं आणि न्यायाधीशाचा अधिकारही नाहीं. त्याच्या हातीं इतकेंच आहे कीं, चिठ्ठी नीट वाचावी, दोन प्रश्न हलक्या आवाजांत विचारावे, ठाऊक आहे तें सांगावें आणि ठाऊक नाहीं तेथें डॉक्टरांकडे बोट दाखवावें. "खरें कोणाचें?" ह्या प्रश्नाला त्याचें उत्तर एवढेंच असावें : "अक्का, चिठ्ठी तुमची आहे, तेव्हां आधीं तुमच्याशीं बोलतों. मावशी, तुमच्या गोळीविषयीं नंतर तुमच्याशीं वेगळें बोलूं."